सगळ्यात लहान पिल्लू ‘टी-कप’ म्हणून विकण्याआधी

प्रति,
राज्यातील कुत्र्यांचे ब्रीडर, केनेल क्लबांचे पदाधिकारी आणि पेट शॉपचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

शिह त्झूच्या वेतात पाच पिल्लं झाली की पुष्कळदा चार सारखी भरतात आणि एक मागे राहतं. आठव्या आठवड्यात भावंडं सव्वा-दीड किलोची झालेली असतात आणि हे सातशे ग्रॅमवरच घुटमळत असतं. पूर्वी अशा पिल्लाला खुरटं म्हणायचे आणि ओळखीत कुणाला तरी देऊन टाकायचे. आता त्याला चहाच्या कपात बसवून फोटो काढतात आणि ‘टी-कप’ म्हणून भावंडांपेक्षा चढ्या भावाला विकतात. टी-कप नावाची जात कुठल्याही मान्यताप्राप्त केनेल क्लबच्या यादीत नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते पिल्लू लहान का राहिलं, एवढंच आम्हाला विचारायचं आहे.

कारणं साधीही असतात. पोटात जंत असतात, किंवा धटिंगण भावंडांच्या गर्दीत भरल्या सडापर्यंत पोचायलाच मिळत नाही. जंताचं औषध दिलं, वरचं दूध पाजलं, की अशी पिल्लं दोन-तीन आठवड्यांत अंग धरतात. तरीही जी अंग धरत नाहीत, त्यांच्यातल्या काहींचा एखादा अवयव आईच्या पोटातच चुकीचा घडलेला असतो. हे दोष दुर्मीळ आहेत, मान्य. पण ज्या घराण्यात ते शिरतात तिथे ते दुर्मीळ राहत नाहीत, आणि घराण्याची वही तुमच्याकडे असते. दवाखान्यात आमच्यासमोर येतं ते एकटं पिल्लू, तेही विकलं गेल्यावर. म्हणून हे पत्र तुम्हाला.

लहान जातींमधला सगळ्यात फसवा दोष यकृताच्या शंटचा. आतड्यातलं रक्त सरळ हृदयाकडे जात नसतं. पोर्टल शिरेतून ते आधी यकृतात येतं, तिथे त्यातला अमोनिया आणि इतर घाण निघते आणि मग ते पुढे जातं. काही पिल्लांत एक जादा रक्तवाहिनी यकृताला बायपास करून हे रक्त थेट मोठ्या शिरेत सोडते. यॉर्कशायर टेरियर, माल्टीज, शिह त्झू, पग, मिनिएचर श्नॉझर यांच्यात ही वाहिनी बहुधा यकृताच्या बाहेर असते. लॅब्रॅडॉर, गोल्डन, आयरिश वुल्फहाउंड अशा मोठ्या जातींत ती यकृताच्या आत सापडते. आत सापडते तेव्हा अनेकदा ती गर्भातली मूळ वाट असते, जन्मानंतर काही दिवसांत मिटायला हवी होती पण मिटली नाही. दोन्ही प्रकारांत यकृताला त्याचा वाटा मिळत नाही, ते वाढत नाही, आणि पिल्लूही वाढत नाही. तुमचं टी-कप तयार होतं ते असं.

लक्षणं येतात आणि जातात, त्यामुळे चकवतात. चिकन-भात खाल्ल्यावर तास-दोन तासांनी पिल्लू सुस्त होतं, लाळ गाळतं, एका जागी गोल फिरतं, भिंतीच्या कोपऱ्यात कपाळ टेकवून दाबत उभं राहतं. कधी आचके येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट हलवत हजर. आचके पाहून आपल्याकडे पहिला संशय डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराचा घेतात आणि त्याचेच उपचार सुरू राहतात. जेवणाशी वेळ जुळते का, हे कुणी विचारत नाही. विचारा. काही पिल्लांत यातलं काहीच दिसत नाही. ती वर्षा-दीड वर्षाची झाल्यावर लघवीला कुंथत येतात आणि मूत्राशयात युरेटचे खडे निघतात. हे खडे साध्या एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. लघवी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर तपकिरी, काटेरी स्फटिक दिसतात, थेट धोत्र्याच्या बोंडासारखे. डाल्मेशियन सोडून दुसऱ्या जातीच्या पिल्लात ते दिसले तर यकृताकडे बघायलाच हवं. आणखी काही मादी पिल्लं नसबंदीच्या टेबलावर पहिल्यांदा उघडी पडतात. भूल नेहमीच्याच मात्रेत दिलेली असते, पण ती तोडणारं यकृतच अपुरं, त्यामुळे पिल्लू तासन् तास उठत नाही.

यासाठी रक्ताची एक तपासणी पुरते: बाईल ॲसिड, म्हणजे रक्तातली पित्ताम्लं, उपाशीपोटी आणि जेवणानंतर बरोबर दोन तासांनी. गर्भवती बायकांना खाज सुटते तेव्हा माणसांच्या लॅबमध्ये हीच तपासणी करतात, त्यामुळे मोठ्या शहरात ती अवघड नाही. जेवणानंतरचा आकडा साधारण २५ मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असावा. शंटमध्ये तो अनेकदा शंभरच्या वर जातो. इथे चुका होतात त्या अशा. मोठ्या कुत्र्याला बारा तास उपाशी ठेवतात म्हणून आठशे ग्रॅमच्या पिल्लालाही ठेवलं, तर त्याची साखर खाली येऊन तेच मरणाच्या दारात जातं. एवढ्या लहान पिल्लाचा फक्त जेवणानंतरचाच नमुना घ्यावा. जेवण म्हणजे दोन चाटणं नव्हे, थोडी चरबी असलेलं खाणं पोटात जायला हवं, नाहीतर पित्ताशय आकसत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त ओढताना पेशी फुटल्या तरी आकडा बिघडतो. आणि माल्टीजमध्ये शंट नसतानाही आकडा थोडा वर असू शकतो. तिथे एका कागदावरून निकाल लावू नये, सोनोग्राफी किंवा सीटी करून घ्यावी. अमोनियाची तपासणीही आहे, पण तो नमुना बर्फात ठेवून अर्ध्या तासात यंत्रावर चढवावा लागतो. आपल्या रहदारीत ते जमत नाही, तेव्हा तिच्या मागे लागू नका.

शंट निघाला म्हणजे पिल्लू गेलंच असं नाही. माणसांच्या बद्धकोष्ठतेचं लॅक्ट्युलोज सिरप, किलोमागे अर्धा मिली, दिवसातून दोन-तीनदा. दिवसाला दोन-तीन मऊ शी होतील इतपत मात्रा जुळवायची. जुलाब लागले तर मात्रा जास्त झाली, आणि शरीरातलं पाणी कमी झालं की आचके उलट वाढतात. मेट्रोनिडॅझोल दिलं तर नेहमीच्या मात्रेपेक्षा कमी, किलोमागे साडेसात मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. जास्त दिलं तर पिल्लू झोकांड्या खातं आणि सगळे समजतात की मूळ आजारच बळावला. मांस बंद किंवा अगदी कमी, त्याऐवजी पनीर, अंडं, भात. प्रथिनं पूर्ण तोडायची नाहीत, वाढत्या पिल्लाला ती लागतातच. हे सगळं डॉक्टरांच्या देखरेखीत, कारण हे फक्त रेटून नेणं आहे. खरा उपाय शस्त्रक्रिया. शंटवर ॲमेरॉइड नावाची कडी बसवतात. बाहेर स्टील, आत दुधातल्या केसिनचं अस्तर. ते अस्तर पोटातल्या ओलाव्याने फुगत जातं आणि काही आठवड्यांत वाहिनी हळूहळू बंद होते. सेलोफेनची पट्टी बांधूनही हेच साधतात. वाहिनी एका झटक्यात बांधून टाकली तर ज्या पोर्टल शिरेला एवढ्या रक्ताची सवयच नाही तिच्यात दाब चढतो आणि पिल्लू त्या रात्रीच दगावू शकतं. हे करणारे सर्जन आपल्याकडे मोजकेच आहेत, आणि खर्च पिल्लाच्या किमतीच्या कितीतरी पट. तो खर्च कोण करतो? विकत घेणारा.

युरोपात आयरिश वुल्फहाउंडचे अनेक ब्रीडर पिल्लं घरी पाठवण्याआधी वेतातल्या प्रत्येक पिल्लाचं रक्त शंटसाठी तपासून घेतात. जात मोठी, पिल्लू महाग, तरी करतात. शिह त्झू आणि यॉर्कीच्या बाबतीत निदान सगळ्यात लहान पिल्लाचं तरी करा, एवढंच आमचं म्हणणं आहे.

आता हृदय. इथे यंत्रही लागत नाही, दहा मिनिटं आणि शांत खोली लागते.

गर्भातल्या पिल्लाची फुप्फुसं बंद असतात, म्हणून फुप्फुसाची धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक नळी असते, डक्टस. जन्मानंतर काही दिवसांत ती आकसून मिटते. न मिटली तर महाधमनीतलं रक्त सतत फुप्फुसांकडे परत वळतं आणि डाव्या हृदयावर बोजा पडतो. पॉमेरेनियन, पूडल, माल्टीज, जर्मन शेफर्ड यांच्यात हा दोष जास्त, आणि नरांपेक्षा मादीत जास्त. वेळेत बंद केला नाही तर निम्म्याहून अधिक पिल्लं निदानापासून वर्षभरात हृदय निकामी होऊन मरतात. वेळेत बंद केला तर बहुतेक पिल्लं पूर्ण आयुष्य जगतात. जन्मजात दोषांत इतका सरळ हिशेब क्वचितच मिळतो, आणि तरी तो हुकतो. कारण स्टेथोस्कोप चुकीच्या जागी ठेवतात.

पंखा बंद करा. पिल्लू टेबलावर उभं राहू द्या, कुशीवर नको. डावा पुढचा पाय अलगद पुढे घ्या आणि स्टेथोस्कोप काखेत जेवढा वर आणि पुढे जाईल तेवढा सरकवा. कोपराच्या मागे नेहमीच्या जागी ठेवलात तर तिथे नुसती फुसफुस ऐकू येईल किंवा काहीच नाही. काखेत मात्र अखंड घरघर येते, पिठाच्या गिरणीसारखी, ठोक्यागणिक चढणारी पण मध्ये कुठेही न थांबणारी. मग मांडीच्या आतल्या बाजूला नाडी बघा. ती बोटावर टपकन आपटून लगेच विरते. ही दोन चिन्हं जुळली की टूडी इको करून घ्या. उपाय दोन: छातीच्या डाव्या बाजूने चौथ्या फासळीमागून आत जाऊन नळी बांधणं, किंवा मांडीच्या धमनीतून नायटिनॉल या मिश्रधातूच्या जाळीचा बूच सरकवणं. बूच बसवायला धमनी पुरेशी जाड लागते, त्यामुळे पिल्लू साधारण तीन किलोच्या आसपास असावं. त्याहून लहानांना शस्त्रक्रियाच.

यात एक उलटा प्रकार आहे, तो ओळखला नाही तर उपचारच जीव घेतात. फुप्फुसांतला दाब इतका चढतो की नळीतलं रक्त उलट्या दिशेने वाहू लागतं. मग घरघर नाहीशी होते, आणि ‘आवाज गेला, पिल्लू सुधारलं’ असं म्हणायचा मोह होतो. पिल्लाला दोन मिनिटं पळवा. हिरड्या गुलाबीच राहतील, पण शेपटीखाली बघा. योनीमुख निळसर दिसेल, नर असेल तर शिस्नाचं आवरण. डोक्याला शुद्ध रक्त, मागच्या धडाला अशुद्ध. मागचे पाय लटपटतात म्हणून अशी पिल्लं कॅल्शियमच्या बाटल्यांवर काढली जातात. यांची नळी कधीही बंद करायची नाही.

हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या वाटेवरच्या झडपेचं अरुंदपण बुलडॉग, बॉक्सर, बीगल यांच्यात सापडतं. इकोवर दाबाचा फरक ८० मिमी पाऱ्याच्या वर गेला की तो तीव्र. फुग्याने झडप उघडता येते, पण बुलडॉगमध्ये डावी कोरोनरी धमनी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी, कुठून जाते ते आधी तपासावं लागतं. काहींत ती झडपेच्या बुडाशीच वेढा घालून जाते आणि फुगा फुगवला की तीच फाटते. रॉटवायलर आणि गोल्डनमध्ये महाधमनीच्या खाली वाट अरुंद करणारं कडं सापडतं. हा दोष पहिल्या वर्षात वाढत जातो, म्हणून आठव्या आठवड्याच्या ‘ठीक’वर विसंबून या जातींतलं जनावर पैदाशीला ठेवू नका. वर्ष झाल्यावर इको करा.

हृदयाचा प्रत्येक जादा आवाज म्हणजे दोष असंही नाही. आवाजाच्या सहा श्रेणींपैकी पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा मऊ आवाज पुष्कळ पिल्लांत असतो आणि चार-पाच महिन्यांत जातो. आपल्याकडे हूकवर्म, गोचीड, पिसवा यांनी रक्त कमी झालेल्या पिल्लातही असा आवाज येतो. हिरड्या पांढुरक्या असतील तर आधी जंताचं औषध, मग पुन्हा ऐका. बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात ऐका. वाढला, किंवा पहिल्यापासूनच तिसऱ्या श्रेणीचा किंवा वरचा असला, तर इको.

बाकीचे दोष नजरेने आणि बोटाने कळण्यासारखे आहेत. जर्मन शेफर्डचं पिल्लू आईच्या दुधावर छान असतं आणि घट्ट खाणं सुरू झालं की ‘उलट्या’ करतं. त्याच्या पोटाकडे बघा. उलटीत पोट जोराने आत-बाहेर होतं. इथे पोट हलतही नाही, मान खाली जाते आणि न पचलेलं अन्न नळीच्या आकारात घरंगळतं. महाधमनी उजवीकडून गेल्यामुळे अन्ननलिकेला फास बसलेला असतो. ही शस्त्रक्रिया लवकर व्हायला हवी, कारण फासाच्या वरची अन्ननलिका ताणून पिशवीसारखी झाली की फास कापल्यावरही पूर्ववत होत नाही. तोवर पातळ खाणं, थोडं थोडं, पिल्लाला उभं धरून, आणि खाल्ल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं. नाहीतर अन्न फुप्फुसात जातं, आणि ही पिल्लं मरतात ती बहुधा त्या न्यूमोनियानेच.

हस्की, गोल्डन, लॅब्रॅडॉरची मादी झोपल्या जागी अंथरूण ओलं करत असेल, योनीभोवतीचे केस कायम पिवळट, तर तिला वळण लावत मारझोड करू नका. मूत्रपिंडातून लघवी आणणारी नलिका मूत्राशयाला चुकवून पुढे उघडत असावी. एकच बाजू बिघडलेली असेल तर ती मधूनमधून नीट लघवीही करते, आणि त्यामुळेच मालकाला वाटतं की ती मुद्दाम करते. शिह त्झू किंवा ल्हासा ॲप्सो वाटीमागून वाटी पाणी पीत असेल आणि लघवी पाण्यासारखी असेल, तर मूत्रपिंडं. पिल्लाच्या नाकातून दूध येत असेल तर टाळू. तोंड उघडून बोट जिभेवरून मागे मऊ टाळूपर्यंत न्या. पुढचा भाग धड असून मागे फट असलेली पिल्लं इथेच सुटतात. आणि जन्मल्या दिवशी प्रत्येक पिल्लाची शेपटी उचलून गुदद्वार उघडं आहे का ते बघा. हे सांगावं लागू नये, पण चौथ्या दिवशी फुगलेलं पोट घेऊन पिल्लं येतात.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि पहिले तीन आठवडे प्रत्येक पिल्लाचं वजन रोज एकाच वेळी लिहा. जन्माचं वजन सात ते दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत दुप्पट व्हायला हवं. वजनाची ही वही असली की दवाखान्यात अर्धं निदान बोलण्याआधीच होतं.

केंद्राच्या २०१७च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांत आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे, मायक्रोचिप सक्तीची आहे, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तरीही तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकली जातात, कारण तेव्हा ती जास्त गोंडस दिसतात आणि खर्चही वाचतो. वर सांगितलेली बहुतेक लक्षणं नेमकी घट्ट खाणं सुरू झाल्यावर, म्हणजे चौथ्या ते आठव्या आठवड्यात उघडी पडतात. पस्तिसाव्या दिवशी विकलं की ती दुसऱ्याच्या घरी उघडी पडतात. यात आमच्या व्यवसायाचाही वाटा आहे. लसीचा स्टिकर बघून, पिल्लाला हात न लावता ‘तंदुरुस्त’ म्हणून सही देणारे आमच्यातच आहेत. अशी सही मागू नका आणि कुणी देत असेल तर घेऊ नका. दाखल्यावर काखेतला आवाज, मांडीची नाडी, टाळू, शेपटीखालची पाहणी, वृषणं आणि वजन या सहा ओळी भरलेल्या असल्याशिवाय तो दाखला नव्हे.

दोष निघालेलं पिल्लू परत आलं की ठरलेलं उत्तर असतं: ‘बदल्यात दुसरं देतो.’ दुसरं म्हणजे त्याच जोडीच्या पुढच्या वेतातलं. उघड्या डक्टसवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डोनाल्ड पॅटरसन यांनी पूडल घराण्यांची वर्षानुवर्षं पैदास करून दाखवलं की हा दोष वंशात उतरतो, आणि एका जनुकाने नव्हे, अनेकांच्या बेरजेने. काही कुत्र्यांत नळी फुप्फुसाच्या बाजूने मिटते, पण महाधमनीकडे आंधळी पिशवी उरते. आवाज नाही, त्रास नाही, शोमध्ये चषकही मिळेल, पण दोष पुढे जातोच. ‘आईबाप ठणठणीत आहेत’ या वाक्याला म्हणूनच वजन नाही. डक्टस किंवा शंटसाठी लाळेवरून कळणारी डीएनए चाचणी नाही. जोडीने बाधित पिल्लू दिलं, तर ती जोड पुन्हा लावायची नाही, बाधित पिल्लाची नसबंदी करायची आणि त्याची भावंडं पैदाशीला विकायची नाहीत. याहून सोपा मार्ग आम्हाला माहीत नाही.

केनेल क्लबांना एकच विनंती. वेताच्या नोंदणीच्या अर्जात दोन ओळी वाढवा: किती पिल्लं मेली आणि कोणत्या पिल्लात कोणता दोष दिसला. मेलेलं पिल्लू पुरून टाकण्याआधी शवविच्छेदनाला पाठवायची सवय सभासदांना लावा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, आधी फोन करून विचारा. पिल्लू प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. गोठलं की पेशी फुटतात आणि यकृतात काय होतं ते वाचता येत नाही. चोवीस तासांत पोचवा, आणि पिशवीवर आईबापांचे मायक्रोचिप नंबर लिहा.

कळावे,
लहान प्राण्यांवर उपचार करणारे आम्ही काही पशुवैद्यक